खुर्चीच्या पाठीवरचा हात : एका सरपंचबाईंच्या देहबोलीचं प्रकरण

१ मेची ग्रामसभा मारुतीच्या सभामंडपात भरली. टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. मधली सरपंचबाईंची, उजवीकडची ग्रामसेवकाची, डावीकडची उपसरपंचांची. सरपंचबाई खुर्चीच्या पुढच्या कडेवर नुसत्या टेकल्या होत्या. पाठ मागे लागलेली नव्हती, टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या, डोक्यावरच्या पदराचं टोक उजव्या मुठीत घट्ट धरलेलं. त्यांचे पती मागे डाव्या अंगाला उभे, एक हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची नोंदवही, ग्रामसेवकापुढे उघडं.

पहिला प्रश्न आला : "टँकर दोन दिसाआड यायलंय. बाकीच्या खेपा कुठं जायल्यात?" विचारणारा सरपंचबाईंकडेच पाहत होता. बाईंनी मान वळवून मागे पाहिलं आणि उत्तर मागून आलं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला हेच झालं. चौथा प्रश्न विचारणाऱ्याने बाईंना वगळून थेट मागे पाहून विचारलं. सातव्या प्रश्नापर्यंत ग्रामसेवकही खांद्यावरून मागे वळून बोलू लागले. बाईंना कोणी गप्प बसवलं नव्हतं. पंधरा मिनिटांत साऱ्या गावाच्या नजरा एक वीत वर सरकल्या, इतकंच.

हे गाव नकाशावर सापडणार नाही. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, केज-धारूरकडच्या गावांमध्ये ज्या गोष्टी दिसतात त्या एका गावात आणि एका बाईंमध्ये आणून हे नमुना प्रकरण मांडलं आहे. मोजणीचे आकडे याच नमुन्याचे आहेत, ते पाहणीचे निष्कर्ष म्हणून घेऊ नयेत. संशोधनाचे जे दाखले पुढे येतील ते मात्र जसेच्या तसे आहेत.

बाईंचं वय ३८, शिक्षण चौथीपर्यंत. त्या महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या. राज्यात पंचायत संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, म्हणजे ग्रामसभेच्या अध्यक्षपदी बाई ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तरीही गावात पतीला "सरपंच" म्हणतात आणि बाईंना "वहिनी". या दोन हाकांपासूनच प्रकरणाला सुरुवात होते.

आधी मोजणी

देहबोलीच्या कामात पहिली चूक होते ती सल्ल्यापासून सुरुवात करण्याची. आधी मोजावं लागतं. सभामंडपाच्या बाजूच्या कठड्यावर मोबाइल उभा केला होता, टेबल आणि पहिली रांग दोन्ही चौकटीत येतील असा. ग्रामसभेत आधी सांगून, सगळ्यांच्या देखत. वीस मिनिटांच्या चित्रणात तीनच गोष्टी मोजल्या. उत्तर देण्याआधी बाईंनी पतीकडे किती वेळा पाहिलं, किती प्रश्नांना त्यांनी स्वतः पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, आणि त्या वाक्याचा शेवटचा शब्द तिसऱ्या रांगेत पोचला की नाही. चेहऱ्यावरचे भाव, हसू, "आत्मविश्वास" असलं काही मोजलं नाही. दोन माणसं एकच चित्रण पाहून दोन वेगळे आकडे देतील अशी गोष्ट मोजण्यात अर्थ नसतो.

प्रश्न आले १४. त्यांपैकी ११ वेळा नजर मागे गेली. पूर्ण वाक्य दोनच आणि दोन्हींचा शेवट तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला नाही.

हा शेवटचा शब्द मराठीत फार महत्त्वाचा. आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं आणि नकार त्याच्याही पुढे. "त्या वस्तीला आधी पाइपलाइन द्यायची" आणि "द्यायची नाही" यांतला सगळा फरक शेवटच्या दोन अक्षरांत आहे. खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसलं की पोट दबतं, छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा उरत नाही, श्वास वरवरचा आणि तोकडा होतो. वाक्य अर्ध्यावर असताना हवा संपते आणि आवाज बसतो तो नेमका निर्णयाच्या शब्दावर. लोकांना ऐकू येतं ते "त्या वस्तीला आधी पाइपलाइन..." मग मागून कोणीतरी वाक्य पुरं करतं. बाईंना निर्णय घेता येत नव्हता असं नाही, त्यांच्या निर्णयाचा शब्दच गावापर्यंत जात नव्हता.

सभा संपल्यावर बाईंना विचारलं : सरपंचाचं काम आपल्याला जमतं असं दहापैकी किती वाटतं? त्या म्हणाल्या, दोन. कारण काय? "पाय लटलट कापत व्हते. मान वर व्हईना. मंग मी कसली सरपंच?"

या उत्तराकडे नीट पाहायला हवं. टँकरच्या खेपा, नळयोजनेचं अर्धवट काम, घरकुलाची यादी यातलं त्यांना बरंच माहीत होतं. पण स्वतःबद्दलचा निकाल त्यांनी या माहितीवरून काढला नव्हता, तो पायांवरून आणि मानेवरून काढला होता. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हाच विचार सविस्तर मांडला. आतून येणारी खूण अंधूक असली की माणूस स्वतःचं वागणं परक्या माणसासारखं पाहतो आणि त्यावरून आपण कोण हे ठरवतो. बाई दर सभेत स्वतःच्याच वाकलेल्या मानेला पुरावा म्हणून वापरत होत्या. गावही तोच पुरावा पाहत होतं. दोघांचा निकाल एकच येणार, आणि पुढच्या सभेत तो आणखी पक्का होणार.

आधीच्या शिबिरात काय बिघडलं

बाईंनी पूर्वी एक दिवसाचं शिबिर केलेलं होतं. तिथून तीन गोष्टी घेऊन त्या आल्या आणि तिन्हींनी नुकसान केलं.

पहिली गोष्ट, "संवादात शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के देहबोली". हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून आलेला आहे. त्या प्रयोगांत लोकांना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्याची छायाचित्रं दाखवून बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं होतं. भावना आणि शब्द एकमेकांशी जुळत नसतील तेव्हाची ती गोष्ट आहे, आणि स्वतः मेहराबियन यांनीही ती मर्यादा सांगितलेली आहे. ग्रामसभेत पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कुठे खर्च झाला असं कोणी विचारलं तर उत्तराचे शब्द सात टक्के कसे असतील? हा आकडा ऐकून बाईंनी अजेंडा वाचायचं सोडून आरशासमोर उभं राहायला सुरुवात केली होती. विषय ठाऊक नसताना ताठ बसलेला माणूस पहिल्याच आड प्रश्नाला पुन्हा वाकतो.

दुसरी गोष्ट, सभेआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, पाय फाकून उभं राहायचं. डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी २०१० मध्ये ४२ जणांवर केलेल्या प्रयोगात अशा पवित्र्याने शरीरातली संप्रेरकं बदलतात असं म्हटलं होतं. २०१५ मध्ये एव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी २०० जणांवर तोच प्रयोग केला. जरा बरं वाटतं असं लोकांनी सांगितलं, पण संप्रेरकांत आणि प्रत्यक्ष वागण्यात फरक आढळला नाही. २०१६ मध्ये खुद्द कार्नी यांनी या परिणामावर आपला आता विश्वास नाही असं जाहीर केलं. बाईंच्या बाबतीत झालं ते वेगळंच. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत त्या तशा उभ्या असताना जाऊबाईंनी पाहिलं, विचारलं, आणि बाई त्या दिवशी सभेत नेहमीपेक्षाही कमी बोलल्या.

तिसरा सल्ला सगळ्यांत घातक : "समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला." समोर पहिल्या रांगेत भाया, म्हणजे थोरले दीर, बसलेले, चुलत सासरे बसलेले. गावाच्या रीतीत सुनेने वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा भित्रेपणा नसतो, तो मान असतो. बाईंनी एकदा रोखून पाहिलं. चर्चा पाण्याची होती ती "लईच शेफारलीया" इथे गेली. शहरातल्या मुलाखतीसाठी बनवलेला सल्ला उचलून सभामंडपात आणला की तो असा अंगावर येतो. आणि दोष सल्ल्याचा असतो, पण बाई तो स्वतःवर घेतात.

जागेची फेरमांडणी

म्हणून १५ ऑगस्टच्या सभेसाठी बाईंच्या अंगाला हात लावण्याआधी सभामंडपाला हात लावला.

देहबोलीतला मोठा भाग माणसात नसतो, मांडणीत असतो. बाईंची नजर मागे का जायची? कारण पती मागे होते. नजरेला माग मिळतो तिकडे समोरच्यांच्या नजरा जातात, हा सगळ्या माणसांचा स्वभाव आहे, लहान मूलही आईच्या नजरेचा पाठलाग करतं. पतींची जागा बदलली : पाणीपुरवठा समितीच्या माणसांबरोबर, उजवीकडे तिसऱ्या रांगेत. त्यांच्याकडे पाहायचं तर बाईंना आता मान मागे वळवावी लागत नव्हती. पाहिलं तरी ती नजर सभेवरूनच जायची आणि लोकांना ती सभेकडेच पाहते आहे असं दिसायचं. अगदी समोर त्यांना बसवलं नाही, कारण मग नजर तिथेच खिळून राहते.

टेबल पाठीमागच्या भिंतीपासून दीड हातावर आणलं, म्हणजे खुर्चीमागे कोणाला उभं राहायला जागाच उरली नाही. खुर्ची हात असलेली घेतली. प्लास्टिकच्या खुर्च्या मागे खोल असतात, बुटक्या बाईने पूर्ण मागे टेकून बसलं तर पाय लोंबतात, म्हणूनच त्या पुढे सरकतात. पायांखाली चार बोटं उंचीचा लाकडी पाट ठेवला आणि पाठीमागे घडी घातलेली सतरंजी. आता पाठ टेकून तळवे पूर्ण टेकत होते. "ताठ बसा" हे वाक्य एकदाही म्हणावं लागलं नाही.

पहिली रांग टेबलापासून सहा-सात फुटांवर आखली. टेबलाशी येऊन वरून बोलणारा माणूस ही ग्रामसभेतली नेहमीची अडचण, बसलेल्या माणसावर तो चढून बोलतो. त्यासाठी ठरवलं की कोणी टेबलाशी आला तर बाईंनी आधी उठून उभं राहायचं, मग बोलायचं. उठणं हा मानही असतो आणि उंचीतला फरकही मिटतो. ग्रामसेवकांनी त्याच वेळी म्हणायचं, "आप्पा, बसून बोला, ऐकायलाव."

प्रोसिडिंग बुक बाईंपुढे ठेवलं. ग्रामसेवकांना लिहायला वेगळी कच्ची वही, सभेअखेर ठराव प्रोसिडिंगमध्ये उतरवून घ्यायचे. पुस्तक ज्याच्यापुढे उघडं त्याच्याकडे लोक पाहतात. ग्रामसेवकांनी बोलताना दर विषयाला "सरपंचताई" म्हणायचं हेही ठरलं. पहिल्या दोन विषयांना ते विसरले, तिसऱ्यापासून जिभेवर बसलं.

नमस्काराचाही विचार केला. सभा चालू असताना वडीलधारे आले की बाई उठायच्या, पदर सावरायच्या, पाया पडायला वाकायच्या, आणि परत बसेपर्यंत बोलण्याचा धागा तुटलेला असायचा. आता त्या सभेआधी वीस मिनिटं येऊन सगळ्या थोरांच्या पाया पडून घेतात. उशिरा आलेल्यांना बसल्या जागेवरून हात जोडतात. एकाही माणसाने नाराजी दाखवली नाही. मान मिळाला की रीत पाळली गेली, ती कधी पाळली हे कोणी धरून बसत नाही.

पदर, बांगड्या आणि माइक

पदर काढायचा प्रश्नच नव्हता. शिबिरात कोणीतरी तसं सुचवलं होतं. डोक्यावर पदर नसताना बाईंचं निम्मं लक्ष केसांकडे राहिलं असतं. पदराला डोक्यावर केसांत दोन आणि खांद्यावर एक अशा तीन पिना लावल्या. पदर जागेवर राहिला, मूठ मोकळी झाली. मोकळ्या हातांचं काय करायचं हा प्रश्न लगेच येतो, तर उजव्या हातात पेन, डावा हात प्रोसिडिंगच्या पानावर. घाबरलेला हात काहीतरी चिवडतो, त्याला कामाची वस्तू दिली की दिसायलाही काम दिसतं.

काचेच्या बांगड्या माइकमध्ये खणखणतात आणि त्या आवाजाने बोलणारी बाई स्वतःच दचकते. हातात माइक धरण्याऐवजी टेबलावरचा स्टँड घेतला. तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला. छातीशी धरलेल्या माइकसाठी मंडपवाला आवाज वाढवतो, मग कर्णा शिट्टी मारतो, आणि बाईंना वाटतं आपलंच काही चुकलं. कर्णे टेबलाच्या रेषेच्या पुढे लावले, तोंड लोकांकडे. माइकसमोर कर्ण्याचं तोंड आलं नाही की शिट्टीची भीती जवळपास संपते.

वाक्याच्या शेवटासाठी एकच सराव घेतला, रोज दहा मिनिटं, पंधरा दिवस. आठ-दहा शब्दांचं एक वाक्य, बोलण्याआधी नाकाने श्वास, आणि शेवटच्या शब्दावर पेनाचं टोक टेबलाला टेकवायचं. "ही यादी पुढच्या सभेत वाचून दाखवू." टक. "या बिलावर मी सही करणार नाही." टक. घरच्या मुलीने ओसरीच्या टोकाला बसून शेवटचा शब्द परत म्हणायचा, म्हणता आला नाही तर वाक्य पुन्हा. सोबत तीन तयार वाक्यं दिली, उत्तर माहीत नसेल तेव्हासाठी. त्यातलं एक, "भाऊसाहेब, हा प्रश्न लिहून घ्या, उत्तर मी पुढच्या सभेत देते," हे सगळ्यांत उपयोगी ठरलं. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. माहीत नाही हे सांगायची वाट असली की मान मागे वळायचं एक कारण कमी होतं.

स्वतःला परक्यासारखं पाहणं

१ मेचं चित्रण बाईंना लगेच दाखवलं नाही. घाबरणाऱ्या माणसाला स्वतःचं चित्रण नुसतं दाखवलं तर तो त्यात आपल्याला आतून जे वाटलं तेच पाहतो. ॲलिसन हार्वे, डेव्हिड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये यावरची रीत तपासली होती. पाहण्याआधी चित्रणात काय दिसेल ते बारकाईने सांगायचं, डोळे मिटून ते चित्र मनात उभं करायचं, आणि मग परक्या माणसाला पाहावं तसं पाहायचं. अशी तयारी केलेल्यांचं स्वतःबद्दलचं मत जास्त सुधारलं.

बाईंनी आधी सांगितलं : "पाय कापताना दिसतील. तोंड लालबुंद झालेलं असंल. सगळी हसत असतील." ते लिहून घेतलं. मग आवाज बंद करून तीन मिनिटांचा तुकडा दाखवला आणि टेबलामागची ही बाई कोण हे माहीत नाही असं समजून पाहायला सांगितलं. पाय टेबलाच्या कापडामागे होते, दिसलेच नाहीत. तोंड लाल नव्हतं. हसणारा एकच होता आणि तो शेजाऱ्याच्या मोबाइलकडे पाहत होता. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ही बाई तर काहीच करंना. नुस्ती मागं बघायलीय." पहिल्यांदाच त्यांना कापणारे पाय आणि वळणारी मान वेगळी दिसली. पहिली गोष्ट गावाला ठाऊकच नव्हती, दुसरी बदलता येण्याजोगी होती.

आवाज सुरू करून दाखवला तेव्हा त्यांनी कान झाकले. हे बहुतेकांचं होतं. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतूनही ऐकू येतो आणि कवटीच्या हाडांतूनही, हाडांतून येणारा भाग जाडसर असतो. चित्रणात तो नसतो, म्हणून स्वतःचा आवाज पातळ, परका वाटतो. एवढं आधी सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

१५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर

ग्रामसभेआधी महिलांची सभा कायद्याने घ्यावीच लागते. तिचा उपयोग तालमीसारखा केला : तेच टेबल, तोच पाट, तोच माइक, समोर चाळीस बाया. तिथे बाई सहज बोलल्या आणि दुसऱ्या दिवशीचे तीन प्रश्न त्यांना आदल्या दिवशीच कळले.

१५ ऑगस्टची सभा मध्यम गेली. १३ प्रश्न, ६ वेळा पतीकडे नजर, पूर्ण वाक्यं पाच. मध्येच पती उठून टेबलाजवळ आले, सवयीने. खुर्चीमागे जागा नव्हती म्हणून बाजूला उभे राहिले, थोड्या वेळाने अवघडून परत जागेवर गेले. त्यांना या कामात शत्रू मानलं असतं तर काम पहिल्याच आठवड्यात बंद पडलं असतं. त्यांच्याशी वेगळं बोलणं झालं होतं आणि त्यांना एक काम नेमून दिलं होतं : प्रश्न तुमच्याकडे आला तर बोलायचं नाही, नुसती हनुवटीने टेबलाकडे खूण करायची.

२ ऑक्टोबरला सभामंडप भरलेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघायच्या होत्या. मुकादमांच्या उचलीवरून, म्हणजे तोडीआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेवरून, वातावरण तापलेलं, त्यात एका वस्तीच्या पाइपलाइनचा विषय निघाला. मागच्या रांगेतून एकाने पतीकडे पाहून विचारलं, "सरपंच, आमच्या वस्तीचं काय झालं?" पतींनी हनुवटी टेबलाकडे केली. ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या माना पुढे वळल्या. बाई उठल्या, श्वास घेतला, म्हणाल्या, "पाइप आलेत. जोडणी बाकी आहे. जोडणी होईस्तोवर ठेकेदाराचं बिल निघणार नाही." पेन टेबलावर टेकलं. नजर विचारणाऱ्याच्या डोळ्यांत नव्हती, त्याच्या खांद्याच्या उंचीवर होती. तेवढी पुरते.

१६ प्रश्न, ३ वेळा पतीकडे नजर, ११ पूर्ण वाक्यं. शेवटचा शब्द ९ वेळा तिसऱ्या रांगेत पोचला. दहापैकी किती, या प्रश्नाला या वेळी उत्तर आलं सहा, आणि कारण दिलं, "बिल निघणार नाही म्हणलं ते समद्यांनी ऐकलं."

सगळं बाईंच्या अंगावर टाकून चालत नाही हे इथे सांगायला हवं. लोरी बीमन, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पश्चिम बंगालमधला अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात लोकांना ऐकवलं. ज्या गावांत प्रधानपद कधीच महिलेसाठी राखीव नव्हतं तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या नेत्याला कमी लेखलं. महिला प्रधान पाहिलेल्या गावांत हा फरक राहिला नव्हता. शब्द तेच, पाठ तीच, तरी ऐकणाऱ्याची सवय गुण कापून घेते. ती सवय पाटाने आणि पिनांनी जात नाही, बाईला खुर्चीत पाहून पाहून जाते.

पंचायत समितीत अजून काही बदललेलं नाही. तिथल्या नोंदीत सरपंचांचा म्हणून जो मोबाइल क्रमांक आहे तो पतींचा आहे, त्यामुळे बैठकीचा निरोप त्यांनाच येतो आणि बाईंना बैठक झाल्यावर कळतं. क्रमांक बदलण्याचा अर्ज बाईंनी स्वतःच्या सहीने दिला आहे.

पुढची मोजणी २६ जानेवारीला. तेव्हा निम्मं गाव कारखान्यांच्या फडावर असेल. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी असेल तो आकडा लागतो, आणि या गावाला १०० लागतात. ते कसेबसे जमतील. समोर उरतील ती म्हातारी माणसं, म्हणजे नेमके भाया आणि चुलत सासरे. रिकाम्या रांगा आणि थोरांचा जमाव ही बाईंसाठी सगळ्यांत अवघड सभा. मोबाइल त्याच कठड्यावर, त्याच कोनात ठेवायचा आहे आणि तेवढीच वीस मिनिटं मोजायची आहेत.